फोडणीतली मोहरी आणि रात्रीची झोप

ज्याला झोप येत नाही त्याला सल्ले मात्र भरपूर मिळतात. पूर्वी ते शेजारीपाजारी देत. तळपायांना तेल चोळा, जायफळ उगाळून दुधातून घ्या, उत्तरेकडे डोके करू नका. आता ते काम मोबाइल करतो, आणि सल्ल्याबरोबर रसायनाचे नावही सांगतो. अलीकडे हे नाव आहे मेलॅटोनिन. चेरी खा, अक्रोड खा, पिस्ते खा, केळी खा. त्यांत नैसर्गिक मेलॅटोनिन असते, ते गाढ झोप आणते, म्हातारपण लांबवते, कर्करोगाला अडवते, अशी ही यादी वाढतच जाते. शेवटी कुठल्या तरी बाटलीची किंमत येते.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला, पतसंस्थेत कारकुनी करणारा माणूस. रात्र हा माझ्या कवितेचा जुना विषय असल्यामुळे आकाशवाणीच्या मंडळींनी झोपेवर बोलायला बोलावले. त्यांची अपेक्षा बहुधा चांदण्याची असावी. पण मला आज हिशेबाचे बोलायचे आहे, आणि त्याला घरातलेच कारण आहे.

माझा धाकटा भाऊ इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, तीही बारा-बारा तासांची. पन्नाशी जवळ आली तशी त्याची दिवसाची झोप तुटली. सकाळी आठला घरी यायचे, वर पत्रा, बाहेर गल्लीचा गलका. तीन-साडेतीन तासांत डोळे उघडायचे, आणि आठवडा संपत आला की मागापुढे उभ्या उभ्या पेंग यायची. धोटा उडून लागलेला माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना या पेंगेचा अर्थ वेगळा सांगायला नको. एके दिवशी तो माझ्याकडे एक बाटली घेऊन आला. वर हिरवे पान काढलेले, खाली 'वनस्पतिजन्य मेलॅटोनिन'. किंमत त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढी. शिवाय त्याची बायको रोज डब्यात चार अक्रोड घालत होती. "भाई, पत्तेसे बनेली है, नुकसान तो नै ना?" एवढेच त्याला विचारायचे होते. मला मात्र नुकसानाआधी फायद्याचा प्रश्न पडला. माझी थोरली मुलगी बी. फार्म. झाली आहे. आम्ही बापलेकीने चार-सहा रविवार बसून या विषयावरचे मूळ निबंध वाचले. ती वाचायची, मी अडवून अडवून मराठीत विचारायचो. आज सांगतो आहे ते त्या रविवारांचे आहे.

मेलॅटोनिनचा शोध झोपेचा शोध घेताना लागलेला नाही. तो लागला कातडीच्या डॉक्टरला. आपल्या मेंदूच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिला पिनिअल म्हणतात. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने आत्म्याची बैठक तिथे आहे असे मानले होते. १९१७ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांना असे दिसले, की गाईच्या या ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला की त्यांचा रंग बघता बघता फिका पडतो. पुढे चाळीस वर्षांनी येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अॅरन लर्नर यांनी हा धागा उचलला. त्वचेचा रंग बदलवणारे द्रव्य हाती आले तर कोडासारख्या आजारांवर त्याचा काही उपयोग होईल, असा त्यांचा विचार. कत्तलखान्यांतून आणलेल्या हजारो गाईंच्या ग्रंथी गाळून गाळून त्यांनी १९५८ साली ते द्रव्य वेगळे केले. मेलॅनिन म्हणजे कातडीचा काळा रंग, आणि सेरोटोनिन हे या द्रव्याचे आधीचे रूप. या दोन शब्दांच्या नात्यातून त्यांनी मेलॅटोनिन हे नाव ठेवले. माणसाच्या कोडावर त्याचा उपयोग झाला नाही. पण ज्यांना ते टोचून पाहिले त्यांना थोडी गुंगी आली, आणि संशोधनाची वाट कातडीकडून रात्रीकडे वळली.

रात्र झाली हे या ग्रंथीला कळते ते डोळ्यांमार्फत. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचे मुख्य काम चित्र पाहण्याचे नाही, उजेड किती आहे ते मोजण्याचे आहे. त्या मेंदूतल्या घड्याळाला वर्दी देतात, घड्याळ पिनिअलला. उजेड असेपर्यंत ग्रंथी जवळजवळ गप्प असते. अंधार पडला की ती मेलॅटोनिन रक्तात सोडू लागते, आणि मध्यरात्रीनंतर त्याचे प्रमाण दिवसाच्या दहापट किंवा त्याहूनही वर जाते. एका रात्रीत तयार होणारा एकूण साठा साधारण दहा ते ऐंशी मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहालाखावा भाग. ही मात्रा लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट मुलीने सांगितली तेव्हा माझा बराच गोंधळ मिटला. उंदराच्या शरीरातही मेलॅटोनिन रात्रीच स्रवते, आणि उंदीर रात्री जागा असतो. म्हणजे हे द्रव्य अफूसारखे झोपवणारे नव्हे. ती दवंडी आहे: रात्र झाली हो! ती ऐकून माणसाचे शरीर झोपेच्या तयारीला लागते आणि उंदराचे कोठारात शिरण्याच्या. ज्यांना दृष्टी अजिबात नाही अशा काही लोकांपर्यंत उजेडाची वर्दी पोचत नाही, आणि त्यांची झोप दिवसेंदिवस पुढे पुढे सरकत जाते. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये रॉबर्ट सॅक आणि सहकाऱ्यांनी अशा सात जणांना रोज ठरावीक वेळी मेलॅटोनिन दिले, आणि सातांपैकी सहा जणांचे घड्याळ चोवीस तासांवर आले. हा निबंध २००० सालचा. मेलॅटोनिनचा खरा गुण पाहायचा तर तो इथे दिसतो.

आता वनस्पतींकडे वळू. हे द्रव्य प्राण्यांचेच, अशी बरीच वर्षे समजूत होती. १९९५ साली जर्मनीतल्या आणि जपानमधल्या दोन गटांनी वेगवेगळे दाखवून दिले, की खाण्याच्या वनस्पतींतही ते असते. टोमॅटोत असते, केळ्यात असते, भातात, मक्यात, आल्यात, मुळ्यात असते. पुढे २००० साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथल्या गटाने बियांची तपासणी केली, आणि ती यादी वाचताना मला आमच्या घरचा मिसळणाचा डबा उघडल्यासारखे वाटले. पांढरी मोहरी, ग्रॅममागे १८९ नॅनोग्रॅम. काळी मोहरी १२९. मेथी ४३. बदाम ३९. बडीशेप २८. वेलदोडा १५. जवस १२. धने ७, खसखस ६. ज्या अक्रोडाचा एवढा डांगोरा पिटला जातो त्यात त्याच विद्यापीठातल्या गटाला २००५ साली साडेतीन नॅनोग्रॅम सापडले, आणि मिशिगनकडच्या प्रसिद्ध आंबट चेरीत २००१ साली साडेतेरा. म्हणजे वजनाला वजन धरले तर आपली काळी मोहरी त्या चेरीच्या साडेनऊपट आणि अक्रोडाच्या छत्तीसपट.

(चेरीवरून आठवले. आपल्याकडे पावात आणि केकवर लाल चेरी म्हणून जे मिळते ते पुष्कळदा साखरेत मुरवून रंगवलेले करवंद असते. झोपेसाठी ते खाणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.)

मोहरीला झोप येत नाही, मग तिने हे द्रव्य का साठवावे? त्या संशोधकांचे म्हणणे असे, की बी म्हणजे वनस्पतीचे मूल. ते महिनोन्महिने कोरडे पडून राहते, त्याच्या पोटात तेल असते, आणि तेल हवेने खवट होते तसे आतल्या कोंबाचेही नुकसान होऊ शकते. मेलॅटोनिन हे नुकसान रोखणारे द्रव्य आहे. थंडी, ऊन, पाण्याची ओढ यांना तोंड देतानाही वनस्पती ते वापरतात असे नंतरच्या पुष्कळ प्रयोगांत दिसले. मला हे फार आवडले. मोहरीने ते आपल्यासाठी ठेवलेलेच नाही, स्वतःच्या लेकरासाठी ठेवलेले आहे.

तर आता हिशेब. नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग, ग्रॅमचा एक अब्जांश. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ साली सगळे पुरावे तपासून असे मत दिले, की निजण्यापूर्वी एक मिलिग्रॅम मेलॅटोनिन घेतले तर झोप लागायला वेळ कमी लागतो. एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख नॅनोग्रॅम. मुलीने कागद घेतला आणि भागाकार करत गेली. एक मिलिग्रॅमसाठी काळी मोहरी पावणेआठ किलो. मेथी तेवीस किलो. आंबट चेरी चौऱ्याहत्तर किलो. अक्रोड दोनशे पंच्याऐंशी किलो. आणि ग्रॅममागे सुमारे एक नॅनोग्रॅम असलेला तांदूळ एक टन, म्हणजे दहा क्विंटल. "अब्बा, इत्ती राई खाएगा कौन?" असे म्हणून तिने पेन खाली ठेवले.

कुणी म्हणेल, औषधाएवढे नको, शरीर स्वतः करते तेवढेच पुरे. तेही पाहू. पाच माणसांच्या आमटीला अर्धा चमचा मोहरी लागते, म्हणजे दोनेक ग्रॅम. सगळी एकट्याने खाल्ली तरी पाव मायक्रोग्रॅम. त्यातही तोंडावाटे गेलेले मेलॅटोनिन रक्तात पोचण्याआधी यकृत त्याचा बराचसा भाग मोडून टाकते. सरासरी पंधरा टक्क्यांच्या आसपासच पुढे जाते. एकीकडे रात्रीचे दहा ते ऐंशी मायक्रोग्रॅम आणि दुसरीकडे हे. भावाच्या डब्यातल्या चार अक्रोडांचे गणित तर मी त्याला सांगितलेच नाही. अक्रोड चांगले असतात, त्याने खावेत.

मग ते चेरीचे प्रयोग? ते झालेले आहेत, खोटे नाहीत. इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात वीस निरोगी माणसांना सात दिवस आंबट चेरीच्या रसाचा अर्क देण्यात आला. २०१२ च्या निबंधाप्रमाणे त्यांची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढली आणि लघवीत मेलॅटोनिनचे अवशेषही वाढले. लुइझियानात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निद्रानाश असलेल्यांची झोप ८४ मिनिटांनी वाढली. पण माणसे किती? आठ. आमच्याकडच्या एका वडापच्या जीपमध्ये याहून जास्त बसतात. शिवाय त्या संशोधकांनीच श्रेय मेलॅटोनिनपेक्षा चेरीतल्या दुसऱ्या एका द्रव्याला दिले, जे शरीरातले ट्रिप्टोफॅन वाया जाऊ देत नाही. अशा प्रयोगांना चेरीच्या व्यापारातल्या संस्थांनी पैसा पुरवलेला आहे, हेही वाचकाने मनात ठेवलेले बरे. तैवानमध्ये २०११ साली चोवीस जणांनी चार आठवडे निजण्याआधी तासभर दोन किवी खाल्ली आणि त्यांना लवकर झोप लागू लागली; पण किवी न खाणारा गट तुलनेला नव्हताच. आपण चार आठवडे रोज ठरल्या वेळी फळ खाऊन ठरल्या वेळी निजलो, तर किवीच्या जागी पेरू असला तरी फरक पडेल असे मला वाटते.

सगळ्यांत गंमत थायलंडच्या प्रयोगाची. २०१३ साली तिथे बारा पुरुषांना एकदा अननसाचा रस, एकदा संत्र्याचा रस आणि एकदा दोन केळी देऊन रक्त तपासले. केळ्यांनंतर दोन तासांनी मेलॅटोनिन मिलिलीटरमागे ३२ पिकोग्रॅमवरून १४० वर गेले. पिकोग्रॅम म्हणजे नॅनोग्रॅमचाही हजारावा भाग. हा आकडा सगळीकडे मिरवला जातो. पण १९९५ च्या जर्मन मोजणीप्रमाणे केळ्यात ग्रॅममागे अर्धा नॅनोग्रॅमही नसते. दोन केळ्यांत मिळून फार तर सव्वाशे नॅनोग्रॅम धरू. ते सगळेच्या सगळे, यकृताला चुकवून, एक कणही न गळता पाच लिटर रक्तात मिसळले, तरी वाढ होईल मिलिलीटरमागे पंचवीस पिकोग्रॅमची. मग १४० कुठून आले? एक तर तपासणीने दुसरेच काही मेलॅटोनिन म्हणून मोजले, किंवा खाल्ल्यामुळे शरीराने, बहुधा आतड्याने, आपले स्वतःचे सोडले. दोन्ही खरे असू शकते. केळ्यातले मेलॅटोनिन रक्तात गेले, हे मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

मोजणी ही या विषयातली मोठी अडचण आहे. एकाच फळाच्या दोन मोजण्यांत शंभर-हजारपटींचा फरक सापडतो. जात वेगळी, माती वेगळी, पिकण्याची पायरी वेगळी, आणि जुन्या पद्धतींची फसगत वेगळी. २०१४ साली इराणमधल्या निबंधात पिस्त्यात ग्रॅममागे दोन लाख तीस हजार नॅनोग्रॅम सापडल्याचे आले. हे खरे असते तर पाच ग्रॅम पिस्ते म्हणजे औषधाची गोळीच झाली असती. नंतरच्या मोजण्यांत हा आकडा कित्येक पटींनी खाली आला, पण पिस्त्याच्या जाहिरातीतून तो अजून उतरलेला नाही. आमच्या घरी ईदेला शीरखुर्म्यात पिस्ते, बदाम, चारोळी हात सैल सोडून घालतात, आणि दुपारी सगळे घर आडवे होते. ती झोप पिस्त्याची नव्हे. ती महिनाभर सहरीला उठल्याची असते.

याचा अर्थ ही फळे, बिया, कडधान्ये खाऊ नयेत असा कुणी काढू नये. अक्रोडातले स्निग्ध पदार्थ हृदयाला चांगले, मेथीचा तंतू रक्तातली साखर हळू चढू देतो. आपले शरीर मेलॅटोनिन करते ते ट्रिप्टोफॅन या द्रव्यापासून, आणि ते शरीराला स्वतः तयार करता येत नाही, अन्नातूनच घ्यावे लागते. डाळ, शेंगदाणे, तीळ, दूध यांतून ते मिळते. त्याला मेंदूत शिरताना प्रथिनांतल्या इतर घटकांशी चढाओढ करावी लागते, आणि सोबत भात-भाकरी असली तर ही वाट थोडी सोपी होते. रोजच्या आमटी-भातात हे सगळे आहे. त्यासाठी मिशिगनचा रस मागवायला नको. म्हातारपण आणि कर्करोगाच्या दाव्यांबद्दल एवढेच, की त्यांतले बरेचसे काचेच्या बशीतल्या पेशींवर ओतलेल्या मात्रांवरून आलेले आहेत. जेवणातून रक्तात तेवढी मात्रा कधीच पोचत नाही.

बाटलीची गोष्ट मात्र अन्नाहून वेगळी आहे. त्यावर पान काढलेले असले तरी आत मिलिग्रॅममध्ये मात्रा असते, म्हणजे ते औषधच झाले. आणि या औषधाची ताकद तरी किती? एकोणीस प्रयोगांतल्या १६८३ लोकांचा एकत्र आढावा २०१३ साली निघाला. झोप सरासरी सात मिनिटे लवकर लागली आणि आठ मिनिटे वाढली. बाटलीवर लिहिलेले आत असतेच असेही नाही. कॅनडात २०१७ साली एकतीस तऱ्हेच्या गोळ्या-औषधांची तपासणी झाली. कुठे लिहिल्यापेक्षा ८३ टक्के कमी, कुठे ४७८ टक्के जास्त, आणि चौथ्या हिश्श्याहून थोड्या जास्त बाटल्यांत सेरोटोनिनही निघाले. अमेरिकेत २०२३ साली चघळायच्या पंचवीस गोळ्या तपासल्या, त्यांतल्या बावीसांचे लेबल चुकीचे होते. लहान मुलांना गोड गोळी म्हणून हे देणाऱ्या आईबापांनी हा आकडा पुन्हा वाचावा. रक्त पातळ करणारे किंवा फिटचे औषध चालू असेल, पोटात मूल असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बाटलीला हात लावू नये.

आता उजेडाकडे येतो, कारण माझ्या मते सगळा खजिना तिथे अडकला आहे. २०११ साली अमेरिकेत ११६ लोकांवर एक प्रयोग झाला. निजण्याआधीचे तास एकदा घरातल्या नेहमीच्या दिव्यात घालवायचे, एकदा अगदी मंद उजेडात. साध्या दिव्यामुळे जवळजवळ प्रत्येकाचे मेलॅटोनिन उशिरा सुरू झाले, आणि त्याची रात्र सुमारे दीड तासाने आखूड झाली. दीड तास! मोहरीच्या कितीतरी पोत्यांचा ऐवज आपण ट्यूबलाइटच्या बटणावर उधळतो. त्यावर डोळ्यांपासून वीतभर अंतरावरचा मोबाइल वेगळाच.

रातपाळीवाल्याचे तर दिवाळेच. रात्रभर मागावरच्या दिव्यांमुळे दवंडी दबते, आणि सकाळी घरी येताना कोवळे ऊन डोळ्यांत शिरून घड्याळाला सांगते, उठा, दिवस झाला. शरीराचे घड्याळ सरकते दिवसाला तासाभराने. ते रातपाळीला कुठे जुळत येते तोच पाळी बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रातपाळीचे काम 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात ठेवले. याचा अर्थ रातपाळी करणाऱ्या प्रत्येकाला तो रोग होतो असा नाही. पण ज्यांच्या कापडावर आपण उत्सव करतो त्यांच्या रात्रीची किंमत काय, हे विचारायला एवढे कारण पुरेसे आहे. आमच्या गावात बाराऐवजी आठ तासांची पाळी हा प्रश्न कुणी काढला की मालक सुताचा भाव सांगतात. अक्रोड आणि हिरव्या पानाची बाटली कामगाराच्या माथी मारणे त्याहून सोपे पडते.

भावाने दुसरी बाटली घेतली नाही. मागावरच्या उरलेल्या जाड कापडाला काळा रंग देऊन त्याने खिडकीला आणि पत्र्याच्या फटींना लावले. तो चालत घरी येतो, तेव्हा सकाळी काळा चष्मा घालून येतो. गल्लीतली पोरे त्याला हिरो म्हणतात. कानात कापसाचे बोळे, मोबाइल बायकोकडे. आता पाच तास झोप होते, कधी साडेपाच. बारा तासांच्या कामाला ती पुरत नाहीच, पण शनिवारची पेंग कमी झाली आहे.

शेवटचा मुद्दा जेवणाच्या वेळेचा. मेलॅटोनिन रक्तात चढलेले असताना स्वादुपिंडाचे इन्शुलिन सोडण्याचे काम मंदावते. स्पेनमध्ये ८४५ लोकांना एकदा निजण्याआधी चार तास आणि एकदा निजण्याआधी एक तास साखरेचे पाणी देऊन तपासले गेले. निबंध २०२२ चा. उशिराच्या वेळी रक्तात मेलॅटोनिन साडेतीनपट होते, इन्शुलिन कमी सुटले आणि साखर जास्त चढली. काही लोकांत जन्मतः एका जनुकाचे वेगळे रूप असते, त्यांच्यात हा परिणाम अधिक दिसला. तेव्हा रात्री साडेदहाला ताट वाढून घेणाऱ्यांनी, विशेषतः घरात मधुमेह असेल तर, जेवण दोन तास अलीकडे ओढावे. आणि ज्यांना डॉक्टरांनीच मेलॅटोनिनची गोळी दिली आहे, त्यांनी ती जेवता जेवता घेऊ नये. जेवणानंतर किती वेळाने घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारून घ्यावे, आणि गोळी घेतल्यावर वर पुन्हा काही खाऊ नये.